पाइपची तंबाखू कां मिळत नाहीं ?



नांदेडच्या वजिराबादेंत किंवा लातूरच्या गंजगोलाईंत जाऊन एखाद्या गृहस्थानें पाइपची तंबाखू मागितली, तर दुकानदार प्रथम त्याच्या तोंडाकडे पाहतो, मग आपल्या फळीकडे पाहतो, आणि शेवटीं पुण्याचा किंवा हैदराबादचा रस्ता दाखवितो. मौज अशी कीं, त्या फळीवर तंबाखूचा दुष्काळ मुळींच नसतो. मळून खाण्याची तंबाखू तेथें आहे, तपकीर आहे, विडी आहे, सिगारेट आहे. मग हा एकच प्रकार तेथें कां नसावा ? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे चारशें वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो.

तंबाखू मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीज लोकांनीं ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणिली. १५१० सालीं गोवें त्यांच्या हातीं गेलें, आणि पुढें शेजारच्या आदिलशाही मुलुखांत ह्या वनस्पतीचा शिरकाव झाला. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापुरास आला होता. शाहजादा दानियाल याच्यासाठीं तेथील राजकन्या नेण्याच्या कामगिरीवर त्याची नेमणूक होती. त्या शहरांत त्यानें तंबाखू पाहिली. अशी वस्तु उत्तरेंत त्याच्या दृष्टीस कधीं पडली नव्हती. म्हणून त्यानें ती बरीचशी विकत घेतली, तीन हात लांबीची एक सुंदर नळी रत्नांनीं व मिन्यानें सजविली, आणि सर्व सरंजाम आग्र्यास बादशहापुढें ठेविला.

अकबरानें कौतुकानें दोनचार झुरके घेतले. तोंच राजवैद्य पुढें सरसावले. ज्या वस्तूविषयीं आमच्या ग्रंथांत एक अक्षर नाहीं, ती बादशहांनीं सेवन करूं नये, असें त्यांचें म्हणणें पडलें. असद बेग वादांत हटणारा नव्हता. फिरंगी लोकांतही शहाणे पुरुष आहेत, आणि प्रत्येक रूढि केव्हां तरी नवीनच असते, असा त्यानें प्रतिवाद केला. बादशहानें पुन्हां नळी हातीं धरली नाहीं; परंतु दरबारी मंडळींनीं असद बेगपाशीं तंबाखू मागण्यास आरंभ केला, आणि लवकरच व्यापारी ती विकूं लागले. हा प्रसंग आपण दक्षिणेच्या लोकांनीं विशेष लक्षांत ठेवावा. मोगल दरबारास तंबाखूची ओळख झाली ती दख्खनकडून, आणि झाली ती नळीच्या द्वारें. म्हणजे पाइपचें घराणें आपल्याकडे अगदींच परकें नाहीं.

ह्या घराण्याच्या आपल्याकडे दोन शाखा झाल्या. एक श्रीमंतांचा हुक्का. आज कर्नाटकांत असलेलें, पण लातूर जिल्ह्यापासून फार दूर नसलेलें बीदर शहर ह्या कामीं प्रसिद्ध आहे. जस्त व तांबें यांच्या मिश्रधातूवर चांदीचें जडावकाम करावयाचें, आणि बीदरच्या किल्ल्यांतील मातीच्या योगानें तो धातु काळाभोर करावयाचा, ही बिदरी कारागिरी. आज वस्तुसंग्रहालयांतून जीं जुनीं बिदरी पात्रें दिसतात, त्यांत हुक्क्याचीं बुडें पुष्कळ आहेत. दुसरी शाखा म्हणजे शेतकऱ्याची मातीची चिलीम. आंत लहानसा खडा, खालीं ओली छापी, वर निखारा, एवढाच तिचा संसार. ती बांधावर चारचौघांत फिरे. कोणाच्या हातची चिलीम ओढावी व कोणाची ओढूं नये, हें मात्र जातीवरून ठरे. आपल्या समाजाचे तट एवढ्याशा मातीच्या नळींतही उभे होते.

युरोपीय पाइप हा एकट्याचा सोबती. ब्रायर नांवाच्या भूमध्यसागरी झुडपाच्या मुळाच्या गांठीपासून तो कोरतात. निजामाच्या राज्यांत हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, जालना व औरंगाबाद येथें हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. विलायती जिन्नसांस गिऱ्हाईक मिळावयाचें तें अशा ठिकाणीं. १९०३ सालीं ही फौज हिंदी सैन्यांत सामावून गेली, आणि छावण्यांचें तें जुनें वैभव ओसरलें.

त्याच सुमारास दुसरें एक स्थित्यंतर झालें. १९०० सालीं गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडवरून सुरू झाला. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास पोंचली. १९१६ सालीं हैदराबादेंत वझीर सुलतान यांचा सिगारेटचा कारखाना निघाला, आणि त्याची 'चारमिनार' पुढें घरोघर ठाऊक झाली. सिगारेट सुटी विकतां येई, एक आण्याचें गिऱ्हाईकही परत जात नसे. विडी तर त्याहून स्वस्त. तिला लागणारें तेंदूचें पान आपल्या किनवटच्या रानांत होतें. पाइपच्या तंबाखूची गोष्ट निराळी. निरनिराळ्या जातींचीं पानें मिसळून, दाबून, मुरवून ती तयार होते, आणि तिच्यांतील ओलावा टिकला तरच तिला गोडी. डबा एकदां फोडला कीं मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ती भुसा होते. सुटी विकतां येत नाहीं, आणि सबंध डबा घेणारा वर्षांत एखादाच. त्यावर आयातीचा खर्च व जबर कर. अशा मालांत कोणता व्यापारी पैसा गुंतवील ? म्हणून ती फळीवर नाहीं. ह्यांत नीतीचा विजय नाहीं. केवळ हिशेब आहे.

आणि येथेंच विषय गंभीर होतो. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा ३.८, आणि तंबाखू खाणारे, दांतांस लावणारे वा हुंगणारे शेंकडा २४.४. नळी गेली, धूर ओसरला, आणि तंबाखू गालांत जाऊन बसली. स्त्रियांच्या मिश्रीच्या रूपानें ती स्वयंपाकघरापर्यंत पोंचली. मुखाच्या कर्करोगाचें हें एक मुख्य कारण आहे, हें आतां वैद्यकानें निर्विवाद सिद्ध केलें आहे. अकबराच्या वैद्यांजवळ ग्रंथ नव्हता. आपल्याजवळ तो आहे, आणि पुडीवर चित्रासह छापलेलाही आहे.

मग उपाय काय ? हुकूम पुष्कळ निघाले. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालीं तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली व जकात भरमसाट वाढविली. जहांगीरानें १६१७ सालीं मनाईचें फर्मान काढलें. इराणच्या शाह अब्बासानेंही बंदी केली होती. पण जहांगीराचाच वकील खान आलम हा तंबाखूवांचून क्षणभर राहूं शकेना, तेव्हां शाहास त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली! आपल्या राज्यानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. तो अजून कोठें मिळतो, हें शाळकरी पोरही सांगेल.

परंतु एक उदाहरण आपल्या अंगणांतच आहे. १६९९ सालीं गुरु गोविंदसिंग यांनीं खालसा पंथ स्थापिला, आणि त्या पंथास तंबाखू वर्ज्य ठरली. १७०८ सालीं त्यांनीं नांदेड येथें देह ठेविला. महाराजा रणजितसिंग यांनीं १८३२ ते १८३७ या काळांत तेथें सचखंड गुरुद्वारा बांधविला. ज्या नांदेडच्या बाजारांत दर पांच पावलांवर तंबाखूची पुडी मिळते, त्याच नांदेडांत हें व्रत तीन शतकांहून अधिक काळ चालत आलें आहे. त्यामागें शिपाई नाहीं, दंड नाहीं. बापानें मुलास दिलेला शब्द आहे.

राजाज्ञेनें जें साधलें नाहीं तें घरच्या शिस्तीनें साधतें, एवढाच ह्या इतिहासाचा बोध. पाइपची तंबाखू मिळत नाहीं म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थांचें मी सांत्वन करूं शकत नाहीं. त्यांनीं ही अडचण संधि मानावी, एवढेंच सुचवितों. बाकीच्यांनीं आज घरीं गेल्यावर, फळीवर काय नाहीं हें पाहण्याऐवजीं, आपल्या मुलाच्या खिशांत काय आहे तें एकदां प्रेमानें विचारावें.