जोडविषय इंग्रजी

बी.ए.ला मी मराठीच्या जोडीला ऐच्छिक इंग्रजी घेतलं. घरची भाषा उर्दू. अब्बांना वाटलं, पोराला नोकरी लागेल. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, या विषयाने मात्र निराळंच काम केलं. निजामाच्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. इंग्रजी नुसता सक्तीचा विषय. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने इथे महाविद्यालय काढलं, तेच मिलिंद. पुढे तिथले प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेत शिकून आल्यावर तिथल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य त्यांनी दलित तरुणांपुढे मांडलं. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघालं. तेच पुढे गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’. शिकवलं इंग्रजी, उगवली मराठी! ते जुने अंक वाचूनच मी मोहल्ल्यातली मराठी कवितेत आणली. नोकरीचं अब्बा अजून विचारतात.