महादजी शिंदे : पानिपतनंतरची अश्वारोही कारकीर्द

महादजी शिंदे (सु. १७३०–१२ फेब्रुवारी १७९४) हा उत्तर पेशवाईतील अग्रगण्य सेनानी व मुत्सद्दी. पानिपतच्या तिसऱ्या लढाईत (१४ जानेवारी १७६१) गुडघ्यावर झालेल्या घावामुळे तो एका पायाने जन्माचा अधू झाला. मराठी लष्कराचा कणा घोडदळ होता आणि सरदाराचे स्थान घोड्याच्या पाठीवर होते. अशा लष्करात त्याने या व्यंगासह पुढील तेहतीस वर्षे कशी काढली, हा त्याच्या चरित्राचा काहीसा दुर्लक्षित भाग होय.

शिंदे घराणे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटलांचे. महादजीचा पिता राणोजी पेशव्यांच्या पदरी साध्या सेवेपासून सरदारकीपर्यंत चढला. पुढे मोगल दरबारात सर्वाधिकार मिळाल्यावरही महादजीने ‘पाटील’ हे बिरुद टाकले नाही. ‘पाटीलबाबा’ हेच त्याचे लोकप्रिय नाव राहिले. जयाप्पा हा त्याचा भाऊ नागोर येथे (१७५५) व दुसरा भाऊ दत्ताजी बुराडी घाटावर (१० जानेवारी १७६०) मारला गेला. पानिपतावर तुकोजी पडला व पुतण्या जनकोजी कैद होऊन मारला गेला. घराण्याची उभारी एका जखमी माणसावर येऊन ठेपली.

पानिपताहून निसटतानाचा प्रसंग माल्कमने नोंदविला आहे. महादजीने तो पामर या इंग्रज अधिकाऱ्यास सांगितला होता आणि पामरकडून तो माल्कमला कळला. महादजी एका उत्तम दक्षिणी घोडीवर होता. पाठलाग करणारा अफगाण स्वार एका थोराड, बेढब घोड्यावर. घोडी चपळ असल्याने अंतर वाढे. परंतु तिला विसावा देण्यासाठी तो थांबला की, मागून तोच स्वार त्याच संथ चालीने येताना दिसे. अखेर घोडी एका खड्ड्यात कोसळली. अफगाणाने महादजीच्या गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरील दागिने व घोडी घेतली आणि त्याला तेथेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्याला उचलून आपल्या बैलावर घातले व दक्षिणेकडे आणले. महादजीने त्याला ‘भाई’ मानले आणि पुढे सेनापतिपदापर्यंत चढविले. तो अफगाण आणि त्याचा घोडा आपल्याला दीर्घकाळ स्वप्नात दिसत असत, असे महादजी सांगे. या आठवणीत घोड्यांच्या दोन जातींची नेमकी तुलनाही आहे : एक वेगाची, दुसरी दमाची. ती तुलना ध्यानात ठेवणारा माणूस जातिवंत स्वार असला पाहिजे.

अधू पायाने घोड्यावर बसणे कितपत शक्य असते? मराठी स्वार खोगिरावर बसे. लगाम एका हाती, भाला किंवा तलवार दुसऱ्या हाती आणि घोड्यावरील ताबा मुख्यतः मांडीचा व बैठकीचा. घोड्यावर चढताना-उतरताना अधू माणसाला आधार लागतो; एकदा मांड बसली की चाल घोड्याची असते. विसाव्या शतकातही याचे प्रत्यंतर मिळाले. लिस हार्टेल या डॅनिश महिलेचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळे पडले होते व तिला घोड्यावर चढवावे लागे. तरी हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत (१९५२) तिने ‘ड्रेसाज’ या अश्वारोहण प्रकारात रौप्यपदक मिळविले. मध्ययुगीन इतिहासात लंगडा तैमूर आणि एक हात व एक डोळा गमावलेला राणा संग ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

सरदारकीसाठी महादजीला घरच्या भाऊबंदकीशी झगडावे लागले. रघुनाथरावाचा विरोध होता. अखेर माधवराव पेशव्याच्या पाठबळाने १७६८ मध्ये ती त्याच्याकडे आली. लगेच १७६९ मधील उत्तरेकडील मोठ्या मोहिमेत तो सामील झाला. शाह आलम बादशाह जानेवारी १७७२ मध्ये दिल्लीच्या तख्तावर परतला, तो या मराठी फौजेच्या बळावर.

दक्षिणेतील त्याची एक मोहीम करवीर राज्यावरची. पन्हाळ्यापासून पश्चिमेस मलकापूर-विशाळगडापर्यंतचा हा मुलूख डोंगराळ. मोकळ्या माळावर दौडणाऱ्या स्वारांना तो सोयीचा नव्हे. १७७८ मध्ये कोल्हापूरकरांशी तह उरकून महादजी तातडीने पुण्याकडे वळला, कारण मोरोबा फडणीसाच्या कटाने नाना फडणीस अडचणीत आला होता. पुढच्याच जानेवारीत (१७७९) मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी गाव आधीच जाळून दाणागोटा नष्ट केला होता. माघारी फिरलेल्या इंग्रजांना वडगाव येथे चोहोबाजूंनी घेरून तह करण्यास भाग पाडले गेले. हा जुन्या गनिमी पद्धतीचा नमुनेदार विजय होता. परंतु १७८० मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि मार्च १७८१ मध्ये कॅमकने रात्रीच्या छाप्यात महादजीच्या तोफा हिरावल्या. स्वारांचा वेग पुरेसा नाही, हे येथे उघड झाले.

सालबाईच्या तहानंतर (१७८२) त्याने द बॉइन्यकडून कवायती पायदळाचे कंपू उभारविले. अधू पायामुळे त्याने घोडदळ सोडले, असे अनुमान सुटसुटीत असले तरी ग्राह्य नाही. बदलामागे इंग्रजांशी झालेल्या लढायांचा अनुभव होता आणि घोडदळ त्याने कधीच मोडले नाही. लालसोटच्या संग्रामात (जुलै १७८७) तो स्वतः हजर होता. हिंदुस्थानी पलटणी फितून शत्रूस मिळाल्यावर त्याने फौज मोडू न देता मागे आणली. ही माघार त्याच्या कोणत्याही विजयाइतकीच मोलाची ठरते. पुढच्या वर्षी राणेखानाच्या नेतृत्वाखालील फौजेने दिल्ली परत घेतली व बादशाहाचे डोळे काढणारा गुलाम कादिर हाती लागला. पाटण व मेडते येथील लढाया (१७९०) मात्र द बॉइन्यच्या कंपूंनी जिंकल्या. मेडत्यास राठोड स्वारांचे हल्ले पायदळाच्या माऱ्यापुढे टिकले नाहीत. त्या वेळी महादजी मथुरेस होता.

१७९२ मध्ये तो पुण्यास आला व वकील-इ-मुतलकीची फर्माने त्याने पेशव्यास समारंभपूर्वक अर्पण केली. पुण्याजवळ वानवडी येथे त्याचा मृत्यू झाला. तेथेच त्याची छत्री आहे.