उन्हाची वैरीण

पासपोर्ट फोटोच्या दुकानात स्टुलावर बसलं की दोन्ही बाजूंना दोन उघड्या छत्र्या दिसतात. घरात छत्री उघडू नये, असं माझी आजी बजावायची. तिला पेन्शनच्या फोटोसाठी स्टुडिओत नेलं, तर ती कॅमेऱ्याऐवजी त्या छत्र्यांकडेच बघत राहिली. फोटोत भुवई चढलेली ती चढलेलीच आली.

त्या दोन छत्र्या चेहरा सारवून काढतात. डावीकडची सावली उजवी छत्री पुसते, उजवीकडची डावी. नाक आहे एवढं कळतं, किती धारदार आहे ते कळत नाही. सरकारी कामाला तेवढं पुरतं. पण माणूस दिसायला हवा असेल तर जाणता फोटोग्राफर एक छत्री मिटून ठेवतो आणि दुसरी चांगली मोठी घेतो, कधी माणसाच्या उंचीहूनही रुंद. फ्लॅश एकच, आणि त्याचं तोंड माणसाकडे नाही, छत्रीच्या पोटाकडे. उजेड आधी कापडावर आपटतो, पसरतो आणि मग चेहऱ्यावर येतो.

गंमत अशी की छत्रीचा जन्म याच्या नेमक्या उलट कामासाठी झाला. ‘छत्र’ शब्द ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूतला. संस्कृतात तिला ‘आतपत्र’ही म्हणतात, उन्हापासून राखणारं. इंग्रजी ‘अंब्रेला’च्या पोटातही लॅटिन ‘उम्ब्रा’ आहे, म्हणजे सावली. राजाच्या डोक्यावर छत्र धरायचं ते मानाचं खरं, पण त्या मानाच्या मुळाशी एवढंच की याला ऊन लागू द्यायचं नाही. युरोपात जुन्या छत्र्यांच्या काड्या देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांच्या असत, जड आणि भिजल्या की बेभरवशाच्या. १८५२ मध्ये शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिजमध्ये तारेचा कारखाना चालवणाऱ्या सॅम्युअल फॉक्सने पन्हळीसारख्या खोलगट पोलादी काड्या आणल्या. पोलाद कमी आणि ताकद जास्त. रस्त्यावरची छत्री हलकी झाली, आणि पुढे स्टुडिओतली छत्री बारीकशा स्टँडवर तोल सांभाळू शकली ती याच सांगाड्याच्या जोरावर.

हे झालं एक घराणं. दुसरं घराणं उजेडाचं, आणि त्याचा मूळपुरुष फ्लॅश नसून खिडकी आहे.

सुरुवातीच्या काळात फोटो स्टुडिओ म्हणजे काचेचं छप्पर आणि काचेची भिंत. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही कोलकात्यात जन्मलेली बाई. १८६३ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिच्या हातात कॅमेरा आला. आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटरला तिने कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावून स्टुडिओ केला. पडदे ओढून हवा तेवढाच उजेड आत घ्यायचा, बहुतेकदा एका बाजूने. म्हणून तिचे चेहरे अंधारातून वर आल्यासारखे दिसतात. खिडकी उत्तरेची हवी, असा त्या स्टुडिओंचा दंडक होता, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. तो दंडक लंडन-पॅरिसचा. आपल्या मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पाठ्यपुस्तकावर विसंबून खिडकी पाडणाऱ्याच्या तोंडावर नेमकं मे महिन्याचं ऊन यायचं.

खिडकीची अडचण एकच, ती संध्याकाळी मावळते. म्हणून रात्रीचा उजेड शोधणं सुरू झालं. पॅरिसच्या नादार या फोटोग्राफरने १८६१ मध्ये विजेच्या कमानदिव्यावर तिथल्या भूमिगत अस्थिगृहांचे फोटो काढले. एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे, म्हणून त्याने कामगारांच्या जागी पुतळे उभे केले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून भपकन पेटणारी पूड केली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत ती घेऊन फिरणाऱ्या जेकब रीसने स्वतःच लिहून ठेवलंय की तिच्यापायी त्याने दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःला. असल्या उजेडापुढे कापडाची छत्री धरायची कुणी? १९२९च्या सुमारास फ्लॅशचा बल्ब आला. आग काचेत कोंडली गेली, पण एक फोटो की एक बल्ब कचऱ्यात.

सोयरीक जुळली ती १९३१ नंतर. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यंत्रांचे फिरते भाग थांबलेले दिसावेत म्हणून खटपट करत होता. वायू भरलेल्या नळीतून साठवलेली वीज एकदम सोडायची. लख्ख उजेड पडतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ, आणि पुन्हा हवा तितक्या वेळा. पूड नाही, धूर नाही, राख नाही. पण या उजेडात एक खोट होती. नळी बोटाएवढी. एवढ्याशा ठिकाणाहून आलेला उजेड कपाळावर चकाकतो आणि मागच्या भिंतीवर काळ्या शाईने काढल्यासारखी सावली पाडतो. फोटोग्राफर मग फ्लॅश छताकडे वळवू लागले. पांढरं छत असलं तर उत्तम. हिरवं असलं तर नवरी हिरवी. तेव्हा आपलं छत आपणच बरोबर न्यावं, घडी घालून, काखेत मारून. स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक फ्लॅश रुळला तशी छत्रीही तिथे रुळली.

मोठीच का, याचा हिशेब सोपा आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण इतक्या लांबून तो आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. म्हणून दुपारच्या सावल्या कडक. दोन मीटरची छत्री दीड मीटरवर ठेवली तर बसलेल्या माणसाच्या नजरेतला सदुसष्ट अंशांचा पट्टा ती व्यापते. चेहऱ्याच्या दृष्टीने छत्री सूर्याहून शंभरपटीपेक्षाही जास्त रुंद. उजेड कानामागे वळून पोचतो, सावलीची कड विरघळते. पण छत्री एकटीच असल्यामुळे सावली नाहीशी होत नाही, एका बाजूला राहते. नवशिके इथे घाबरतात आणि छत्री लांब नेतात. लांब नेली की ती लहान दिसू लागते आणि उजेड पुन्हा टोचतो. शिवाय अंतर वाढलं की उजेडही झपाट्याने घटतो. जवळच ठेवावी, फ्रेमच्या अगदी कडेला, डोळ्यांपेक्षा थोडी वर. तिथून मागचा पडदा आपोआप काळवंडतो आणि चेहरा पुढे येतो.

म्हणजे एवढा खटाटोप करून माणूस फिरून पोचला कॅमेरॉनबाईंच्या खुराड्यातच. फक्त खिडकी आता मिटता येते आणि रात्री दहालाही उघडता येते.

कोणत्या घराण्याचा उजेड आहे ते ओळखायचं असेल तर फोटो मोठा करून बुबुळात बघावं. खिडकीचा असेल तर तिथे चौकोनी ठिपका असतो, मध्ये गजांची रेघ. छत्रीचा असेल तर गोल चांदणं, त्याच्या मधोमध फ्लॅशची काळी टिकली आणि भोवती काड्या. फोटो चांगला असेल तर मोजता येतात. आजीच्या फोटोत चार गोल आहेत, एकेका डोळ्यात दोन-दोन.