लोणेरे: बदलत्या रिक्वायरमेंटचं विद्यापीठ

महाराष्ट्र विधिमंडळाने १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा कायदा केला, तेव्हा लोणेरे हे नाव रायगडच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माणगाव तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं एक गाव. तिथून महाड पंचवीसेक किलोमीटर. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या महाडच्या वाटेवर त्यांच्या नावाचं तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ का, हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या दशकात जिल्ह्याचं रूपच पालटत होतं. थळला आरसीएफचा खत कारखाना सुरू झाला होता, नागोठण्याला आयपीसीएलचा गॅस क्रॅकर येत होता, रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने होतेच. त्यामुळे लोणेऱ्यात केमिकलच्या जोडीला पेट्रोकेमिकल शाखा असावी यात नवल नव्हतं. संगणक शाखेचं तसं नाही. तिला आसपास गिऱ्हाईकच नव्हतं. तिथून शिकून निघालेला मुलगा पहिल्या दिवसापासून मुंबई-पुण्याच्याच दिशेने बघणार, हे ठरलेलं.

याच जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्याच्या मुलांना लोणेरे जवळही आणि लांबही. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. तिचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये उघडला आणि कोलाड, इंदापूर, माणगाव करत लोणेऱ्यासाठी गोरेगाव रोडला उतरायची सोय झाली. एरवी एसटी आणि महामार्ग. या महामार्गाचं पनवेल ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं गेलं आणि दहा वर्षं उलटली तरी संपलं नव्हतं. भूसंपादन, ठेकेदारांची अदलाबदल, नवनव्या मुदती. रखडलेला प्रकल्प म्हणजे काय, हे शिकायला पेणच्या विद्यार्थ्याला पुस्तक उघडावंच लागत नाही. वडखळच्या पुढे खिडकीबाहेर बघितलं तरी पुरे.

प्रकल्प का रखडतात, हाच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग या विषयाचा उगम आहे. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे ‘नाटो’ने परिषद भरवली आणि तिचं नावच ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ ठेवलं. प्रोग्राम मोठे होत चालले होते. वेळेत होत नव्हते, पैशांत बसत नव्हते आणि झाले तरी चालतील याची खात्री नव्हती. पूल बांधणाऱ्यांकडे जशी शिस्त असते तशी इथेही हवी, असा तो आग्रह होता. १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून लिहिलं, की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं लावली की तो आणखी लांबतो. १९८२ साली सॉमरव्हिल आणि प्रेसमन या दोघांचीही पाठ्यपुस्तकं निघाली. आपल्याकडे पंकज जलोटे यांचं पुस्तक १९९१ चं. लोणेऱ्याचं काय किंवा मुंबई विद्यापीठाचं काय, अभ्यासक्रमातलं या विषयाचं पान आजही याच मंडळींच्या आधाराने उभं आहे.

त्या पानावर सगळ्यात ठळक असतं ‘वॉटरफॉल मॉडेल’. आधी गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोडिंग, मग टेस्टिंग, शेवटी देखभाल. धबधब्यासारखं वरून खाली, मागे वळणं नाही. हे चित्र १९७० च्या विन्स्टन रॉइस यांच्या निबंधातलं म्हणून दाखवलं जातं. गंमत अशी, की रॉइस यांनी ते चित्र काढून लगेच बजावलं होतं, की असं सरळ खाली जाणं धोक्याचं आहे. चाचणी सगळ्यात शेवटी आली, तर चूक कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्यांचा सल्ला होता, की नवं काही करताना ते आधी एकदा छोट्या प्रमाणावर करून बघावं. जगाने चित्र उचललं आणि खालचा मजकूर सोडून दिला.

पेणकरांना हे चित्र अनोळखी नाही. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणं, सुकवणं, घासून फिनिशिंग, अस्तर, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी हा क्रम उलटत नाही; आखणीचा कारागीर वेगळा, त्याचा मानही वेगळा, आणि चतुर्थीची तारीख कुणी पुढे ढकलत नाही. हमरापूर-जोह्याकडून कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात, रंग तिकडे लागतो. धबधबा तिथे शोभतो, कारण मूर्तीची गरज पहिल्या दिवशी ठाऊक असते आणि ती बदलत नाही. बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाईकाला काय हवं, हे निम्मं काम डोळ्यांसमोर आल्यावर कळायला लागतं. म्हणून २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा लिहिला: थोडं करा, दाखवा, ऐका, बदला.

आता लोणेऱ्याकडे परत येऊ. सुरुवातीच्या पाव शतकात विद्यापीठाला राज्यभरची संलग्न महाविद्यालयं नव्हती. आपल्याच आवारात शिकवायचं, अभ्यासक्रम आपणच ठरवायचा, परीक्षा आपणच घ्यायची. गावाच्या मानाने प्रचंड आवार, वसतिगृहं, विद्यार्थी मोजके. मुलं विद्यापीठाला ‘बाटू’ म्हणतात. नामांकित प्राध्यापक कोकणात येऊन राहायला सहजासहजी तयार होत नाहीत, ही अशा आडवळणाच्या संस्थांची जुनी अडचण. पण सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगसारख्या विषयाला लहान विद्यापीठ मानवतं, असं माझं मत आहे. जो शिकवतो तोच पेपर काढतो. त्याला वाटलं तर धबधब्याची आकृती न विचारता चौघांच्या गटाला एक खराखुरा छोटा प्रकल्प देऊन महिनाभराने गरजा मुद्दाम बदलून टाकता येतात. बदलत्या गरजांसोबत काम करायची पद्धत वाचून येत नाही. वसतिगृहात एका खोलीत बसून भांडलेल्या गटालाच ती येते.

मग विद्यापीठाचीच रिक्वायरमेंट बदलली. २०१४ च्या नव्या कायद्याने लोणेऱ्याला संलग्नतेचे अधिकार आणि सबंध राज्याचं कार्यक्षेत्र मिळालं. डॉ. विलास गायकर कुलगुरू असताना, २०१७-१८ पासून, राज्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं विद्यापीठाला जोडली जाऊ लागली, मराठवाडा-विदर्भातलीसुद्धा. स्वतःच्या आवारापुरतं जगणाऱ्या संस्थेला आता शेकडो किलोमीटरवरच्या वर्गांसाठी एकच अभ्यासक्रम, एकच वेळापत्रक, एकच प्रश्नपत्रिका चालवायची होती. तंत्रशिक्षणाचं स्वतंत्र विद्यापीठ हवं, ही मागणी गैर नव्हती. किंमत मात्र अशाच विषयांना मोजावी लागते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे, की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी बनवलेली प्रणाली दिसते. अभ्यासक्रमही एक प्रणालीच. ज्यांची कधी भेट होत नाही अशा शिक्षकांनी मिळून शिकवायचं, म्हटल्यावर सगळ्यांना सारखं तपासता येईल तेच विचारलं जाणार, आणि ती असते धबधब्याची सुबक आकृती.

ही संलग्नता सुरू झाली नेमकं त्याच वर्षी रायगडात, फक्त दुसऱ्या विद्यापीठाच्या अखत्यारीत, या विषयाचं जिवंत प्रात्यक्षिक झालं. पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय आणि रोह्याचं डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या नावाचं महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाची. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कागद स्कॅन व्हायचे, परीक्षकाने लॉग-इन करायचं, गुण तिथेच भरायचे. कल्पना वाईट नव्हती. पण पुरेशी चाचणी न घेता ती सगळीकडे एकाच वेळी लागू झाली. निकाल लांबले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, परदेशी किंवा पुढच्या वर्गात प्रवेश घेणारी मुलं टांगणीला लागली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. रॉइस यांनी सोडू नका म्हटलेली पायरी सत्तेचाळीस वर्षांनी सुटली, तीही विद्यापीठाच्याच हातून.

आजच्या अभ्यासक्रमात हा विषय साधारण तिसऱ्या वर्षाला येतो. स्क्रम, स्प्रिंट, गिट हे शब्द मुलं इंटर्नशिपआधीच बोलू लागलेली असतात, आणि कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ‘काय बनवायचं’ हे ठरवणं ‘कसं बनवायचं’पेक्षा महाग होत चाललं आहे. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं मात्र लांबची. सॉमरव्हिल यांच्या पुस्तकात इन्शुलिन पंप आहे, निर्जन प्रदेशातलं हवामान केंद्र आहे. शिक्षक तोंडी भर घालतात ती १९९६ मध्ये कोसळलेल्या एरियान ५ रॉकेटची. ती चांगलीच उदाहरणं आहेत. पण लोणेऱ्यासारख्या, स्वतः लाखभर उत्तरपत्रिकांच्या व्यवहारात उतरलेल्या विद्यापीठाने २०१७ चं प्रकरण तिसऱ्या वर्षाच्या गटांना द्यायला हवं. गरजा कुणी लिहिल्या होत्या, परीक्षकांना विचारलं होतं का, पहिली चाचणी किती उत्तरपत्रिकांवर घ्यायला हवी होती, सर्व्हर अडला तर कागदावर परत जायची वाट ठेवली होती का. वर्गात बसलेल्यांपैकी एखाद्याच्या रोह्यातल्या ताईचा किंवा पेणच्या दादाचा निकाल त्या वर्षी अडकला असेल, तर माहिती गोळा करायला लांब जावंही लागणार नाही.