नावेत काय आहे?

आमच्या वऱ्हाडात पाणी हे प्यायचं असतं, त्यावर बसायचं नसतं. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा तर असा, की विहिरीला पाणी लागलं तरी तोंडात धरवत नाही. माझा जन्म अमरावतीचा, बदली अकोल्याची; आणि अकोल्यात उन्हाळ्यात माणसं पाहुण्यापेक्षा नळाची वाट जास्त पाहतात. अशा मुलखातल्या माणसानं सेहेचाळिसाव्या वर्षी नाव वल्हवायला जावं, याला बँकेच्या भाषेत बिनतारण कर्ज म्हणतात.

दोष माझा नाही, शुगरचा आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून "आता खुर्ची सोडा" म्हटलं. मला वाटलं, व्हीआरएस घ्यायला सांगताहेत. तेवढ्यात शाखेतल्या एका पोरगेल्या कॅशियरनं अमरावतीकडच्या एका तलावावर होणाऱ्या ट्रायथलॉनचा फॉर्म पुढे केला. ट्रायथलॉन म्हणजे एरवी पोहणं, सायकल आणि धावणं. पण पोहता येणारी माणसं आमच्याकडे बेताचीच, म्हणून संयोजकांनी पोहण्याच्या जागी कयाक नावाची अरुंद होडी ठेवली होती. एक किलोमीटर वल्हवायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळायचं. "सर, नाव तं बसूनच चालवा लागते," तो म्हणाला, "अन् बसाची तुमाले सवय हाय."

सही करण्याआधी जुनं लेजर पाहायचं, ही माझी वीस वर्षांची खोड. म्हणून या खेळाचं खातं काढून बसलो.

नोंद सापडली 25 सप्टेंबर 1974 ची. अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथं पळणाऱ्यांच्या एका क्लबानं सरावाला कंटाळून ही शर्यत ठेवली. 46 जण आले. त्यांत नौदलातले जॉन कॉलिन्स होते. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. (बदली कोणाला चुकली आहे?) तिथं एका बक्षीस समारंभात वाद निघाला, की जास्त दमदार कोण, पळणारा की पोहणारा? कॉलिन्सनी त्यात सायकलवाला आणला. असे वाद आमच्या राजकमल चौकातही रोज निघतात, पण ते पानावर मिटतात. तिथं मात्र 18 फेब्रुवारी 1978 रोजी 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42 किलोमीटरची मॅरेथॉन, अशी वसुली झाली. 15 जण निघाले, 12 पोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारचं पिण्याचं पाणी वाटेतच संपलं, तेव्हा मदतनिसांनी त्याला बिअर पाजली. हे सांगितल्यावर आमच्या शाखेतले आणखी दोघे फॉर्म भरायला तयार झाले.

नावेचं कलम न्यूझीलंडात सापडलं. रॉबिन जडकिन्स यांनी 1983 साली पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'कोस्ट टू कोस्ट' शर्यत सुरू केली. अंतर 243 किलोमीटर; त्यात पळणं, सायकल आणि डोंगरातल्या नदीतून कयाक.

ही कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेली शिकारीची नाव. युरोपात तिला घरोघरी नेलं ते एका शिंप्यानं! आल्फ्रेड हॉइरिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं 1905 साली घडीची कयाक बनवली आणि 1907 मध्ये योहान क्लेपर या शिंप्यानं तिचे हक्क घेऊन ती विकायला काढली. नाव पिशवीत भरायची आणि रेल्वेनं नदीवर जायचं. आमचा शिंपी दिवाळीचा शर्ट संक्रांतीला देतो. त्याच्या भरवशावर कोणी नदीत उतरलं नसतं. पुढे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती पहिल्यांदाच पदकांसाठी झाल्या.

1936? बर्लिन? मी चष्मा काढून पुसला.

हे साल अमरावतीत मी लहानपणापासून ऐकत आलोय. वैद्य बंधूंनी 1914 साली काढलेल्या आमच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच वर्षी बर्लिनला गेलं होतं आणि तिथं त्यांनी हुतूतूसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. म्हणजे ही मंडळी बोटीत बसून समुद्रापार गेली. या लेखाचं पहिलंच वाक्य मला खोडावं लागतंय! ध्यानचंदांच्या हॉकी संघानं तिथं अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 नं हरवलं, ते सगळ्यांना पाठ आहे. आमच्या लोकांचा खेळ स्पर्धेत नव्हताच. जिंकायला समोर कोणी नव्हतं. तरी गेले.

बाबा हे फार अभिमानानं सांगायचे. मी दहा वर्षांचा असताना ते मला आखाड्यात घेऊन गेले. मल्लखांबाला मिठी मारून मी दोन हात वर चढलो, खालची पोरं हसली, आणि उतरलो तो पुन्हा गेलो नाही. बाबा काही बोलले नाहीत. येताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते खातं मात्र तसंच उघडं राहिलं. मी फॉर्मवर सही केली.

रविवारी सकाळी तलावावर नावाड्यानं विचारलं, "पोयता येते काय भाऊ?"

"नाही."

"मंग काहून आले बाप्पा?"

लाइफ जॅकेट चढवून बसलो. नाव पुढे जाईना, जागच्या जागी गोल फिरू लागली. चौथ्या फेरीत डोक्यात प्रकाश पडला. उजव्या हाताचा जोर जास्त होतोय! आयुष्यभर डावी-उजवी बाजू जुळवणारा माणूस मी. जितकं डेबिट तितकंच क्रेडिट मारायला लागलो आणि नाव सरळ निघाली. त्या आनंदात परतताना काठाजवळ कलंडलो. गटांगळी खाल्ली, देवाला हाक मारली. काठावरची पोरं खो-खो हसली. नावाडी शांतपणे म्हणाला, "पाय टेका भाऊ, कमरेइतकंच हाय."

छत्तीस वर्षांनी तेच हसू. चालत काठावर जाऊन सरळ घरी निघून येण्यासारखं होतं. मी नावाड्याला नाव धरायला लावली आणि पुन्हा चढलो.

सायकल आणि पळणं याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चढावर सायकलला मी हातानं नेलं, आणि मी पळतोय हे लोकांना सांगावं लागलं. 58 जणांत माझा नंबर 55 वा. उरलेल्या तिघांनी मधेच सोडलं. हवाईतही तिघांनीच सोडलं होतं, म्हणजे आमची शर्यत रेकॉर्डप्रमाणे झाली.

पोचणाऱ्या प्रत्येकाला एक मेडल होतं. संध्याकाळी अकोल्याला येऊन ते बाबांच्या फोटोला अडकवत होतो, तोच आतून हिचा आवाज आला, "अहो, नळ आले नं! आधी बादल्या घ्या!"

दोन बादल्या उचलल्या. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. दोन्ही बाजू सारख्या होत्या. एक थेंब न सांडता टाकीपर्यंत सरळ गेलो.