पावर दिली म्हणजे जमीन दिली का?

सुरुवात साताऱ्यापासून करतो. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून उतरवलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते वकील म्हणून लंडनला गेले. तेव्हा वकील म्हणजे काळा कोटवाला नव्हे, तर धन्याचा अधिकार घेऊन त्याच्या वतीनं बोलणारा माणूस. १८४७ साली महाराज काशीतच वारले. तरी रंगो बापूजी कर्जबाजारी होऊन १८५३ पर्यंत तिथं झगडत राहिले. मुखत्यार असा असावा!

आता आपल्या तालुक्याच्या कचेरीत या. आईवडिलांना हेलपाटे झेपत नाहीत म्हणून ते पोराला ‘पावर’ देतात. मुंबईची बहीण गावातल्या भावाला देते. आणि एक दिवस सातबारा काढला की त्यावर तिसऱ्याचंच नाव दिसतं. भावाला विचारावं तर म्हणतो, "तूच सही केलीस की."

हा कागद आला कुठून? १८७२ च्या करार कायद्यानं मालक आणि मुखत्यार यांचं नातं ठरवलं. पुढं १८८२ साली मुखत्यारपत्रांचा वेगळा कायदा आला. लहानसाच, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. लग्न झालेल्या बाईला स्वतःचा मुखत्यार स्वतः नेमायचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला. दीडशे वर्षं होत आली, आणि आजही कितीतरी आयाबहिणींना कागद न वाचताच अंगठा द्यायला लावतात.

दिल्ली-हरियाणाकडं तर या कागदाचा धंदाच झाला. साठेखत, पावर आणि मृत्युपत्र असा संच करायचा आणि खरेदीखत न करताच जमीन विकायची. मुद्रांक शुल्क वाचायचं, काळा पैसा जिरायचा. सूरज लॅम्प कंपनीच्या खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सुप्रीम कोर्टानं हे मोडून काढलं. न्या. रवींद्रन, न्या. पटनाईक आणि न्या. गोखले यांनी बजावलं, की मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. मुखत्यार हा विश्वासातला माणूस, मालक नव्हे. मात्र घरच्या माणसाला कारभारासाठी दिलेली खरी पावर कोर्टानं चुकीची ठरवली नाही.

तरी गाफील राहू नका. कागदात विक्रीचा अधिकार लिहिला असेल, तर मुखत्यार तुमच्या नावानं विकू शकतो, आणि तो व्यवहार तुम्हाला बांधतो. पैसा मात्र तुमचाच. मागाल तेव्हा हिशेब देणं त्याच्यावर १८७२ पासून बंधनकारक आहे. तुम्हाला अंधारात ठेवून त्यानं जमीन स्वतःच्याच घशात घातली, तर तो व्यवहार नाकारता येतो. मालक वारला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की त्याचा अधिकार साधारणपणे तिथंच संपतो. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं वकिलाला विचारा.

संशय आला तर रागानं घरात भांडून भागत नाही. पावर रद्द केल्याचं मुखत्याराला लेखी कळवा. दस्त नोंदवलेला असेल तर रद्दपत्रही नोंदवा. तलाठी, बँक आणि घेऊ पाहणारा माणूस, सगळ्यांना कळवा, पेपरात नोटीस द्या. कारण रद्द झाल्याचं ज्याला माहीतच नाही, त्याच्या बाबतीत ती पावर चालूच धरली जाते. बहुतेक माणसं नेमकी इथंच फसतात.

रंगो बापूजी सगळ्यांच्या नशिबी नसतात. म्हणून पावर देताना एकाच कामापुरती द्या, मुदत घाला, आणि विक्रीचा अधिकार द्यायचाच नसेल तर तसं स्पष्ट लिहा. घरातल्या थोरामोठ्यांना हे वाचून दाखवा. सही करायच्या आधी.