सासष्टीतला ओवीकार पाद्री

आधी लॅटिन व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व, अशी युरोपातल्या ख्रिस्ती विद्यालयांची जुनी घडी. तीत घडलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इकडेच राहिला. कोकणीचे व्याकरण त्याने लॅटिनच्या साच्यावर बेतले. ते १६४० साली राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण. मात्र नवख्रिस्त्यांना बायबलची कथा सांगताना हा साचा त्याने बाजूला ठेवला आणि ओवी उचलली.

आमच्या अकोल्यावरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तीनशेहून अधिक वर्षांनी तोच छंद सासष्टीत येशूचे चरित्र सांगू लागला. १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्या. लिपी रोमन, भाषा मराठी, आणि स्वर्गाला शब्द चक्क ‘वैकुंठ’!

ग्रंथारंभी एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीला विचारतो : जुनी पुराणे बंद झाली, आता आम्ही वाचायचे काय? मला हा प्रश्न साऱ्या ग्रंथात बोचरा वाटतो. पुराणे बंद केली होती ती पाद्रीच्याच बाजूच्या सत्तेने. स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम खरे होते, पण ते याच सत्तेच्या सावलीत वाढले. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला.

१६१६ ची छापील प्रत आज कुठेच सापडत नाही. कथा तगली ती हस्तलिखितांतून. त्यांवरून जोसेफ साल्ढाणांनी १९०७ मध्ये मंगळुरात ती पुन्हा छापली.